टायर बदलू नका, भाऊ!

मु. पो. देवळा, जि. नाशिक

सन्माननीय भाऊंना पंक्चरवाल्याचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपण गाडीला नवे टायर घालणार, अशी बातमी परवा पाच कंदील चौकातून आली आणि माझे धाबे दणाणले. बातमी आणणारा पुढे म्हणाला, "घालणार म्हणजे, भाऊंचा अभ्यास चालू आहे अजून." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. तुमचा अभ्यास मला ठाऊक आहे. तो चालू आहे तोवर माझ्या दुकानाला मरण नाही. तरी माणसाच्या मनाचा काय भरवसा? उद्या कोणी हाताला धरून तुम्हाला टायरच्या दुकानात नेलेच तर? म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. चार लोकांनी वाचावे आणि तुम्हाला वेळीच अडवावे.

भाऊ, मागचा टायर आहे तसा गोटा राहू द्या.

तुम्ही मळ्यात राहता. मळ्यातून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत जी पाणंद आहे, तिच्या दोन्ही अंगांना बाभळी. कुंपणाला तोडून टाकलेल्या फांद्यांचे काटे वाटभर सांडलेले. टायर नवा असला की बरेच काटे रबराच्या जाडीतच मोडतात, ट्यूबपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे माझ्या पोटावर पाय. तुमच्या टायरला असला कद्रूपणा माहीत नाही. त्याचे रबर झिजून आतले धागे डोकावू लागलेत, त्यामुळे काट्याला वाट कशी मोकळी! त्यात कांद्याच्या चाळी उभ्या राहू लागल्या की खिळे आणि जाळीच्या तारांचे तुकडे रस्त्यावर येतात. तेही तुम्ही भक्तिभावाने गोळा करून माझ्याकडे आणता. तुमच्या ट्यूबला आता एवढी ठिगळे झाली आहेत की नवे ठिगळ जुन्या ठिगळावरच बसवावे लागते.

आमच्या धंद्याचे आद्य दैवत म्हणजे डनलप. बेलफास्टचा गुरांचा डॉक्टर. पोराच्या तीनचाकीला दणके बसतात म्हणून त्याने 1888 साली चाकावर हवा भरलेली रबरी नळी चढवली. त्याआधी लोकांची चाके भरीव रबराची होती आणि पंक्चरवाला हा प्राणी जगात नव्हता. डनलपनंतर आमच्यावर एवढे उपकार करणारा माणूस म्हणाल तर तुम्हीच.

तुमच्या अभ्यासाबद्दल मात्र थोडे बोलायलाच हवे. चहाच्या टपरीवर तुम्ही टायरवर बोलायला लागलात की माणसे कप हातात धरून उभी राहतात. कोणत्या कंपनीचे रबर मऊ, कोणत्या नक्षीतून पाणी लवकर निसटते, इटलीचा टायर बरा की फ्रान्सचा, सगळे तुम्हाला तोंडपाठ. टायरच्या अंगावरचे आकडेही तुम्हीच लोकांना वाचायला शिकवले. 90/90-18 म्हणजे रुंदी 90 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 90 टक्के आणि रिम 18 इंचाचे. पुढे 54पी असेल तर एका टायरवर 212 किलो भार चालतो आणि वेग ताशी 150 पर्यंत. हे सांगून झाल्यावर तुम्ही म्हणालात की आपल्याला पी नको, एच पाहिजे. एच म्हणजे ताशी 210. भाऊ, तुमची गाडी सव्वाशे सीसीची आहे. भावडबारीच्या उतारावर, मागून वारा असताना आणि मागे कांद्याची गोणी नसताना ती नव्वदच्या पुढे गेलेली कोणी पाहिलेली नाही. पण हट्ट सोडू नका. तुमच्या मापात एचचा टायर मिळायची मारामार आहे, म्हणजे तुम्ही शोधत राहाल आणि मी ठिगळे लावत राहीन.

मागे एकाने तुम्हाला तोंडावर विचारले, "भाऊ, टायर साफ गोटा झालाय की!" तेव्हा तुम्ही दिलेले उत्तर मी दुकानात पाटीवर लिहून लावणार आहे. तुम्ही म्हणालात, "मोटोजीपीचे टायर गोटेच असतात." खरेच आहे. 2023 साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ती शर्यत झाली, तेव्हा सगळ्या जगाने ते पाहिले. आता ते टायर लोण्यासारख्या मऊ रबराचे असतात, शर्यतीआधी त्यांना विजेची गोधडी गुंडाळून तापवतात आणि पावसाचे थेंब पडले की तेच शर्यतवाले धावत जाऊन खाचांचे टायर चढवतात, हे टपरीवर कोणाला सांगायची गरज नाही. तुमच्या टायरचे रबर उन्हाने टणक झाले आहे. तापवायचे म्हणाल तर मे महिन्यातले देवळ्याचे ऊन फुकट आहे. आणि पाऊस आला तर छत्री आहेच.

आता रविवारच्या सहलींबद्दल. तुम्हाला साल्हेरला जायचे आहे आणि त्यासाठी मोठमोठ्या गुठळ्यांचे बटण टायर हवेत, असे कानावर आले. जरूर घ्या. साल्हेर म्हणजे महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, 1567 मीटर. 2025 साली युनेस्कोच्या यादीत गेला. पण किल्ल्यावर गाडी जात नाही हो. खालच्या गावापर्यंत रस्ता आहे आणि पुढे युनेस्कोचा साहेब आला तरी त्याला पायीच चढावे लागते. बटण टायर लागलाच तर तुमच्या बुटांना लागेल. बाकी आठवडाभर तुमची गाडी मळा ते देवळा आणि देवळा ते सटाणा किंवा मालेगाव अशी डांबरावर धावते. डांबरावर बटण टायर घोंघावतो, वळणावर अंग चोरतो आणि लवकर झिजतो. झिजला की पुन्हा माझ्याकडे! तेव्हा ही कल्पना मला मनापासून पसंत आहे.

रुंद टायरची कल्पना तर त्याहून सुंदर. कंपनीने 90 रुंदीचा दिला आहे, तिथे तुम्हाला 120 चा चढवायचाय, गाडी मागून दणकट दिसावी म्हणून. अरुंद रिममध्ये रुंद टायर कोंबला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग वर फुगतो आणि रस्त्याला टेकणारा भाग वाढायच्या ऐवजी बिघडतो. गाडी वळायला आळस करते, पेट्रोल जास्त पिते आणि कधीकधी टायर साखळीला किंवा मडगार्डला घासतो. पण फोटोत छान दिसते, हे मान्य करावेच लागेल. हेल्मेटवर बसवलेल्या तुमच्या त्या कॅमेऱ्याच्या पैशांत दोन्ही टायर कितीदा बदलले असते, याचा हिशेब मी मुद्दाम करत नाही. त्या कॅमेऱ्यात घाट दिसतो, ढग दिसतात, तुमचे हातमोजेसुद्धा दिसतात. मागचा टायर तेवढा दिसत नाही.

माझी खरी भीती वेगळीच आहे. कोणी तुम्हाला साधा हिशेब सांगेल, ही. तुमच्या मापाचा, कंपनीने दिलाय त्याच आकाराचा, मध्यम खाचांचा चांगला टायर दोन हजारांच्या आसपास येतो. सिएट घ्या, एमआरएफ घ्या, मदुराईचा टीव्हीएस युरोग्रिप घ्या. सिएटचा एक कारखाना तर आपल्या नाशिकला सातपूरलाच आहे. हवा नीट ठेवली तर मागचा टायर वीस हजार किलोमीटर सहज जातो. म्हणजे किलोमीटरला दहा पैसे. त्याच किलोमीटरला पेट्रोल दोन रुपयांच्या घरात जाळता आणि दहा पैशांसाठी तुमचा अभ्यास चालू. या अभ्यासाला दिल्लीकरांनीही सुरुंग लावला. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आणला. दोन हजारांच्या टायरमागे दीडशे रुपये सुटले. ट्रॅक्टरच्या टायरचा तर थेट 5 टक्के केला. पंक्चरवाल्याचे काय होईल, याचा विचार कोणी केला नाही.

आणखी एक सांभाळा. दुकानात गेलातच तर टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे मुळीच वाचू नका. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. फळीवर पडून पडून रबर कडक झालेला, म्हणूनच दुकानदार त्यावर घसघशीत सूट देतो. तुम्ही सूट बघा, आकडे मी बघतो. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाणही सोडून द्या, तो उलटा बसला तरी चाक फिरायचे थांबत नाही. आणि हवा नेहमीसारखी अंगठ्याने दाबूनच तपासा. कंपनीने साखळीच्या झाकणावर आकडे छापलेत, एकट्याचे वेगळे आणि डबल सीटचे वेगळे. पण अंगठा फुकट आहे, आणि हवा कमी राहिली की टायर कडेने लवकर संपतो.

एका बाबतीत मात्र धंद्याच्या दृष्टीने सावधगिरीचा शब्द लिहितो. श्रावणात तुम्ही वहिनींना आणि लेकीला मागे बसवून सप्तशृंगीला निघता. कळवण मागे पडते, नांदुरी येते आणि घाट सुरू होतो. वळणावर पाण्याचा पातळ थर, वरून आलेली माती, कोणाच्या तरी गाडीतून गळलेले तेल. रस्त्याला तुमचा टायर टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा, आणि त्या तळहाताखालचे पाणी बाजूला काढायचे काम खाचांचे. खाच किमान 0.8 मिलिमीटर असावी असा दुचाकीसाठी नियम आहे. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय अशी अक्षरे असतात, त्यांच्या रेषेत खाचेमध्ये बारीक उंचवटे असतात. वरचे रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. तुमचे उंचवटे शोधायला मी भिंग घेऊन बसलो होतो, सापडले नाहीत. खाचच नाही, तर उंचवटा कुठून असणार? नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवून माणसांना एसटीने वर नेतात, तेवढे दिवस तुमच्यापुरता देवीच्या जिवाला घोर नसतो. पण श्रावणात कोणी अडवत नाही. भाऊ, पंक्चर काढायला टायर लागतो, ट्यूब लागते, सोल्यूशन लागते आणि गिऱ्हाईकही लागते. एवढे लक्षात असू द्या. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

दसऱ्याला चाकाखाली ठेवायची लिंबे मीच आणून देईन. टायरला काळे पॉलिशही लावू, गोटा टायर कसा आरशासारखा चमकतो! त्यावर झेंडूची माळ घसरू नये म्हणून तेवढी सुतळीने बांधावी लागेल.

आपला नम्र,
एक पंक्चरवाला

ता. क. : शेजारच्या आबांच्या दुकानात तुमच्या मापाचा टायर आला आहे. ताज्या तारखेचा, आयएसआयच्या शिक्क्याचा, जीएसटी उतरल्यानंतरच्या भावाचा. मी आबांच्या हातापाया पडून तो सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला लावला आहे. तिकडे बघू नका. मागच्या ट्यूबचे पैसे मात्र बाकी आहेत, ते रविवारी गडावर निघण्याआधी देऊन जा. आल्यावर देतो म्हणू नका.