पायथ्याचे नाना

प्रत्येक सहलीत एक असा माणूस असतो की तो सगळ्यांच्या आधी गाडीत बसतो, सगळ्यांच्या शेवटी उतरतो, आणि उतरला तरी गाडीपासून दहा पावलांवर सावली शोधतो. आमच्याकडे ते नाना.

नानांच्या मते इतिहास बघायला पेठ सोडायची गरजच नाही. पेठ हे एके काळचं संस्थान. 1857 च्या उठावात इथल्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिली. हे सांगताना नानांचा आवाज खरंच जड होतो, त्यात नाटक नसतं. पण तोवर ते गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा धरून बसलेले असतात आणि मांडीवर नागलीच्या भाकरींचं गाठोडं असतं.

कोटंबीचा घाट, मग सावळघाट. मागे पोरं ओकायच्या बेतात, पुढे नाना भाकरी सोडायच्या. “उजवीकडं बघा, उजवीकडं!” आम्ही मान वळवेपर्यंत दरी डावीकडे गेलेली असते.

आशेवाडीला उतरलो की समोर रामशेज. किल्ला काही फार अवघड नाही, तासाभरात दमादमानं माणूस वर जातो. नाना मात्र पायथ्याच्या झाडाखाली पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या आणि कोणाचंतरी रडकं पोर ताब्यात घेतात.

“नाना, चला की वर.”

“अरे, 1682 साली औरंगजेबानं शहाबुद्दीन खानाला धाडलं. हत्ती, तोफा, लाकडाचा उंच दमदमा, सगळं करून झालं. पाच-सहा वर्षं जमलं नाही मोगलांना. आणि तू मला म्हणतोस, जेवायच्या आत वर जाऊन या?”

यावर काय बोलणार? आम्ही चढायला लागतो. मागून नानांचं कीर्तन ऐकू येतं. मराठ्यांकडे धड तोफा नव्हत्या, म्हणून त्यांनी लाकूड पोखरून त्यावर कातडी मढवून तोफा केल्या. खानाच्या जागी दुसरा सरदार आला, तर त्यानं मांत्रिक धरला. मांत्रिक सोन्याचा नाग हातात घेऊन पुढे, फौज मागे. अर्ध्या वाटेत गोफणीचा धोंडा आला आणि मंत्र संपला. किल्ला शेवटी गेला तो पैसे चारून. हे ऐकायला पायथ्याशी चार परकी माणसं जमलेली असतात, त्यातला एक नानांना चहा पाजतो. वर रामाचं देऊळ बघून, फोटो काढून, घामाघूम होऊन आम्ही उतरतो, तर नानांचा दुसरा चहा चालू.

दुपारी नाशिक, गोदाघाट. इथे नानांची बैठक रामकुंडाच्या पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी. दुतोंड्या मारुतीकडे बोट करून ते पूर सांगतात. नाशिककर पाणी फुटांत मोजत नाहीत. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं मोजतात. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं म्हटलं की नाना स्वतःचे पाय एक पायरी वर घेतात. गोदावरी तेव्हा घोट्याएवढी असते.

कपालेश्वराला पायऱ्या आहेत, त्यामुळे तिथेही नाना खालीच. या महादेवासमोर नंदी नाही, ही तिथली ख्याती. आमच्या काकू दर्शन घेऊन उतरल्या, नानांकडे बघून म्हणाल्या, “नंदी इथं बसलाय होय!” नाना रागावले नाहीत. त्यांनी फक्त काकूंची चप्पल ढिगाच्या तळाशी सरकवली.

रात्री परत निघालो. गाडीत सगळे झोपलेले. जागे दोघेच, ड्रायव्हर आणि नाना. घाटात ड्रायव्हरचा डोळा लागू नये म्हणून नाना त्याला पुन्हा पहिल्यापासून रामशेज सांगत होते. आमच्या सहलीचे फोटो दोनशे तीन निघाले. नाना एकातच आहेत, तेही गाठोड्यामागे अर्धे.

दुसऱ्या दिवशी चौकात त्यांच्याभोवती घोळका. “वरच्या टाक्यातलं पाणी काय गार, काय गार!” नाना सांगत होते. एकानं माझ्याकडे वळून विचारलं, “खरं का हो? तुम्ही तर वर गेला होता.”

मी गेलो होतो खरा. पण फोटोंच्या नादात टाक्यांकडे जायचं राहूनच गेलं होतं. म्हणून म्हटलं, “नाना सांगतात तसंच.”