गाडी धुणे: सातारा-सांगलीच्या नवशिक्यांसाठी

आधी गाडीत काय काय आहे ते बाहेर काढावे. आपल्या भागात यातच निम्मी सकाळ जाते. डिकीत मामांनी दिलेली शेंगांची पिशवी, तासगावचे बेदाणे, मागच्या महिन्यातली कोथिंबीर आणि एकच चप्पल निघते. चप्पल कुणाची, हे विचारू नये.

कासला जाऊन आला असाल तर पायपुसण्यांवर लाल चिखल असणारच. कास 2012 पासून जागतिक वारशात आहे, त्यातला थोडा वारसा आपण घरी आणलेला असतो. ओला चिखल घासू नये, आणखी पसरतो. वाळला की पायपुसणे भिंतीवर आपटावे, शेजारणीचे वाळवण बघून.

सांगलीकरांचा पेच मोठा. मार्केट यार्डातून हळद आणली की पिशवीला भोक असतेच. सीट पिवळी होते. नवशिका धावत जाऊन साबण लावतो, किंवा कुठेतरी वाचलेले आठवून खायचा सोडा चोळतो, आणि डाग लालभडक होतो. मग आत बसणारा प्रत्येक जण विचारतो, "कुणाला लागलं का हो?" हळदीतल्या कर्क्युमिनला क्षार लागला की ते लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करायचे ते याच जोरावर. लिंबाचे पाणी लावावे, डाग परत पिवळा होतो. म्हणजे तासभर राबून आपण होतो तिथेच! म्हणून पूड आधी कोरड्या ब्रशने झटकावी, पाणी नंतर. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडावा, कर्क्युमिन उजेडात हळूहळू उडते. गाडी अशी लावावी की ऊन सीटवर पडेल. तोवर, सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने आपला डाग अस्सल आहे, एवढे समाधान मानावे.

खायच्या सोड्याची खरी जागा यवतेश्वर घाटात धाकट्याला उलटी होते तिथे. पुसून, वाळवून सोडा भुरभुरावा, रात्रभर ठेवावा, सकाळी ब्रशने काढावा. वास राहिलाच तर वाटीभर लाकडी कोळसा सीटखाली ठेवावा. डांबरगोळ्या नकोत, बंद गाडीत डोके धरते. उदबत्तीही नको, देव डॅशबोर्डवर असला तरी.

काचांना पाण्यात थोडे व्हिनेगर आणि कालचा पेपर. राशिभविष्याचे पान आधी वाचून घ्यावे. बाहेरून मात्र धुळीवर कोरडे फडके फिरवू नये, रंगावर ओरखडे उठतात. आधी भरपूर पाणी. भांड्यांची घासणी स्वयंपाकघरातच राहू द्यावी.

एक अपवाद. 2019 किंवा 2021 सारखा कृष्णेचा पूर आला आणि गाडी पाण्यात बुडाली, तर लिंबू-सोडा बाजूला ठेवा. चावी फिरवू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढतच गॅरेजला न्या.