चोवीस खजूर, चोवीस बिया

‘दहा मिनिटांत होतो’ अशी ख्याती असलेल्या पदार्थाची ती दहा मिनिटं नेमकी कधी सुरू होतात, हे कोणी सांगत नाही. भरल्या खजुराची दहा मिनिटं आदल्या रात्री सुरू होतात, अर्धा लिटर दही पंचात बांधून सिंकच्या नळाला टांगतात तेव्हा. सकाळी घरातलं कोणीतरी अर्धवट झोपेत तो नळ सोडतं आणि मग कोपऱ्यावरच्या डेअरीपासून पुन्हा सुरुवात. तेव्हा प्रस्तुत मार्गदर्शिकेचं पहिलं कलम: दही नळाला टांगू नये. चाळणीत पंचा पसरून त्यात ओतावं, चाळण पातेल्यावर ठेवावी आणि अख्खा डोलारा फ्रिजमध्ये सरकवावा. चक्काही आंबत नाही आणि कोणाचं तोंड धुणंही अडत नाही.

आता एवढ्या पदार्थांतून खजूरच का? कारण आपल्याकडे पाहुणा कधी रिकाम्या पोटी येत नाही. दारातच चपला काढता काढता तो ‘आम्ही आत्ताच खाऊन निघालोय हं, काही करू नका’ असं जाहीर करतो. त्याला खायचं नसतं असं नाही, त्याला सबब हवी असते. आत्याने गोड सोडलेलं असतं. काकांना तेलकट चालत नाही. वहिनींनी मैदा बंद केलाय, त्यांच्या मिस्टरांचा गुरुवार असतो, आणि भाचा सध्या फक्त प्रोटीन खातो. या पाच जणांसमोर बटाटेवडे ठेवून पाहा. प्रत्येक जण एकेक वडा अर्धा करून दुसऱ्याच्या बशीत सरकवेल आणि शेवटी चार अर्धे वडे यजमानाला थंडगार खावे लागतील. भरल्या खजुराला मात्र यांतलं एकही कारण पुरत नाही. तळलेला नाही, मैदा नाही, उपासाला चालतो, आत दाणे आहेत. आणि आत्याला म्हणायचं, ‘हा तिखटाचा आहे.’ खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते, हे आत्यालाही ठाऊक असतं. पण वर मिरपूड दिसली की तो पदार्थ तिखट, असा अलिखित कायदा आहे. थोडक्यात, खजुरात सारण भरायचं नसतं, सबब भरायची असते. हे एकदा ध्यानात आलं की बाकीची कृती किरकोळ आहे.

खरेदी मात्र किरकोळ नाही. मी डोंबिवलीचा, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर मशीद स्टेशनला उतरून खारीक बाजारात जाणं सोयीचं, असं मला वाटतं. घरी हे कोणाला पटत नाही. दुकानदार चाखायला एक देतो, दुसरा देतो, तिसऱ्याला आपल्यालाच लाज वाटते आणि आपण अर्धा किलो घेतो. रमझानच्या आधी गेलात तर दहा-बारा जाती मांडलेल्या दिसतील, पण दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ नसेल. नवशिक्याने दोनच नावं लक्षात ठेवावीत. किमिया हा इराणचा, काळाभोर, चपट्या खोक्यात येणारा, मऊ, स्वस्त आणि गुणी. मेडजूल हा अंगठ्याएवढा, सुरकुतलेला, भरायला जणू घडवलेलाच, आणि भाव ऐकून घरच्यांना सांगू नये असा. मूळचा मोरोक्कोचा. तिथल्या बागांना रोग लागला तेव्हा 1927 साली त्याचे अकरा फुटवे अमेरिकेत नेले, त्यांतले नऊ जगले, आणि पुढे त्यांच्याच पोटी बागा उभ्या राहिल्या. नऊ फुटव्यांचा वंश आपल्या बशीत ठेवतो आहोत ही भावना भाव देताना थोडा आधार देते.

किमिया घेतलात तर एक सूचना. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर मशीदहून गाडीत चढताना खोकं बॅगेत ठेवू नये, डोक्यावर धरावं. मी बॅगेत ठेवलं होतं. ठाण्यापर्यंत पन्नास खजुरांचा एकच खजूर झाला होता. घरी चाकूने वडी पाडून खाल्ला.

खारीक ही खजुराचीच वाळलेली आवृत्ती, पण ती भरायच्या भानगडीत पडू नये. तिची जागा डिंकाच्या लाडवात आणि ओटीत. तिला चीर देताना चाकू निसटून कुठे जाईल ते सांगता येत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला कच्छची ओली खारीक येते, पिवळी-लाल, करकरीत. 2024 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तीही भरायची नाही, नुसती खायची. तिच्यात काही भरणं म्हणजे पुरणपोळीवर सॉस.

आता शस्त्रक्रिया. चोवीस खजूर घ्यावेत. सहा माणसांना चार-चार, हा हिशोब वाटतो तितका सढळ नाही, कारण तीन करणाराच खातो. मऊ खजूर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला की शहाण्यासारखा वागतो. उलट, कोरडा निघाला तर इडलीपात्रात दोन मिनिटं वाफ द्यावी आणि फडक्याने टिपून घ्यावा. देठाची टोपी नखाने उडवावी. मग लहान सुरी कोमट पाण्यात बुडवून एका बाजूने उभी चीर द्यावी, टोकापासून टोकापर्यंत, पण खालची साल शाबूत ठेवून. भरल्या वांग्याला देतो तशी चार बाजूंनी नको, भेंडीला देतो तशी. अंगठ्याने चीर उघडली की बी दिसते, करड्या-तपकिरी रंगाची, एका अंगाला खाच असलेली, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली. ती अलगद सुटते. पापुद्राही काढावा, तो टाळूला चिकटतो. आणि इथे एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये: प्रत्येक खजूर उजेडाकडे धरून आत बघावा. काळी भुकटी दिसली किंवा काही हललं, तर तो खजूर आणि ती आठवण दोन्ही कचऱ्यात.

काढलेल्या बिया वाटीत ठेवाव्यात आणि शेवटी मोजाव्यात. ऑपरेशन संपल्यावर पोट शिवण्याआधी नर्स कापसाचे बोळे मोजतात, तसं. चोवीस खजूर, चोवीस बिया. तुम्ही म्हणाल, बी काढलेल्या खजुराची पाकिटं मिळतात की. मिळतात. गेल्या दिवाळीत मी तशी दोन आणली होती. पाकिटावर ठळक अक्षरांत बीविरहित असं लिहिलं होतं आणि माझा छापील अक्षरावर विश्वास होता. त्यातली एक बी काकांच्या वाट्याला आली. आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. काकांनी शांतपणे रुमाल काढला, तोंडाशी नेला, कवळी त्यात घेतली आणि उरलेला वेळ फक्त मान हलवून संभाषणात भाग घेतला. जाताना काकू म्हणाल्या, ‘खजूर छान होते.’ त्या ‘होते’वर जो जोर होता तो मला अजून ऐकू येतो.

सारणांपैकी गोडाबद्दल फार बोलायला नको, कारण ती चुकूच शकत नाहीत. बदाम किंवा अक्रोड मंद आचेवर खरपूस भाजावेत आणि पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम भरले तर मऊ पडतात. खवा परतून वेलची घातलेला चालतो. मोदकाचं उरलेलं सारण तर फारच चालतं, मात्र ते उरलेलं आहे हे सांगायचं नाही. चॉकलेट वितळवून त्यात अर्धा बुडवला की भाचा प्रोटीन विसरतो.

खरी कला तिखट-खारट भरण्यात आहे. खजुराची गोडी जड असते, घशाशी बसते; तिला कापायला मीठ, आंबट आणि तिखट असे तिघेही लागतात. माझा विश्वास चक्क्यावर आहे. शंभर ग्रॅम चक्का, पाव चमचा मीठ, एक हिरवी मिरची अगदी बारीक चिरून, भरडलेलं जिरं आणि कोथिंबीर. एका खजुरात एक लहान चमचा मावतो, जास्त भरलं तर तो भोळसटासारखा तोंड वासून बसतो. भरण्यासाठी केकवाल्यांची पिशवी आणू नये. दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन पुसावी, चक्का भरावा, कोपरा कात्रीने किंचित कापावा आणि पिळावं. वर मिरपूड आणि भाजलेले तीळ. चीज भरायचं तर क्यूबच्या लांबट काड्या कराव्यात आणि भरलेला खजूर तव्यावर थेंबभर तुपात मिनिटभर फिरवावा. चीज मऊ होतं, साल किंचित जळते, आणि घरभर असा वास सुटतो की ‘आत्ताच खाऊन आलोय’ म्हणणारे स्वयंपाकघरात पाणी प्यायला येऊ लागतात. लसणाची कोरडी चटणी दाण्याच्या कुटात मिसळून भरून पाहा. पहिल्यांदा विचित्र लागते. दुसऱ्यांदा आपणच बशी शोधतो.

दह्याचा खजूर तासाभरापेक्षा आधी भरू नये, त्याला पाणी सुटतं. सुक्या मेव्याचा मात्र डब्यात घालून फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, म्हणजे घरात मुलं नसतील तर.

उपासाची बशी वेगळी ठेवावी. खजूर चालतो, दाणे चालतात, मिरची-जिरं चालतं. कोथिंबिरीवर मात्र महाराष्ट्र आजही दुभंगलेला आहे. आमच्याकडे चालते, सासुरवाडीला चालत नाही, आणि ‘तुमच्यात चालते का हो?’ या प्रश्नावर पंचवीस मिनिटं निघून जातात. वेळ काढायचा असेल तर कोथिंबीर घालावी. चीज उपासाला चालतं का, यावर शास्त्रकार गप्प आहेत. त्या मौनाचा आमच्याकडे पूर्ण फायदा घेतला जातो.

‘हे असलं गोडात तिखट कुठून काढलंस?’ असं कोणी विचारलंच, तर यूट्यूबचं नाव काढू नये. रोमन काढावेत. अपिशियसच्या नावावर जो प्राचीन रोमन पाककृतींचा संग्रह आहे, त्यात ही कृती आहे: खजुराची बी काढा, आत अक्रोड, चिलगोजे किंवा कुटलेली मिरी भरा, बाहेरून मीठ लावा आणि मधात तळा. मीठ, मिरी आणि मध, तिन्ही एकाच घासात. आणि त्या लोकांनी या प्रकाराला नाव दिलं होतं ते साधं, ‘घरगुती गोड’ अशा अर्थाचं. म्हणजे ‘घ्या हो, घरचंच आहे’ हा आग्रह रोमनांनीही केला असणार, याबद्दल मला शंका नाही.

आग्रहाचंही तंत्र आहे. ताट फिरवताना खजूर रचून ठेवू नयेत. ओळीत मांडले की पाहुणे मोजतात आणि मोजले की लाजतात. गोलात, थोडे विस्कटून ठेवावेत, म्हणजे कोणी किती उचलले ते कळत नाही. ‘आणखी घ्या’ असं म्हणू नये. ‘हा तुम्ही खाल्लेला चीजचा होता, चक्क्याचा राहिला’ असं म्हणावं. चक्क्याचा झाल्यावर चटणीचा राहतो. आत्या या मार्गाने सातपर्यंत गेली आहे आणि तिच्या मते तिने गोड सोडलेलंच आहे.

मागच्या रविवारी हे सगळं यथासांग केलं. चोवीस भरले. पाच वाजता माणसं यायची होती, काका धरून. पावणेपाचला वाटीतल्या बिया मोजल्या. तेवीस. टेबलावर ओळीने मांडून पुन्हा मोजल्या. तेवीस. ओट्याखाली पाहिलं, कचऱ्याच्या डब्यात पाहिलं, दुधाच्या पिशवीत बोट घालून पाहिलं. काकांची नवी कवळी डोळ्यांसमोर आली. मग आम्ही दोघांनी तो निर्णय घेतला: चोवीसच्या चोवीस खजूर सुरीच्या टोकाने उकलले. चक्का बाहेर आला, चीज सालीला चिकटलं, मिरपूड सगळीकडे झाली. बी एकातही नव्हती. बेल वाजली तेव्हा ताटात जे होतं त्याला भरला खजूर म्हणणं धाडसाचं होतं. वहिनींनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अय्या, भेळ! खजुराची? कशी केलीत?’ दहा मिनिटांत ताट रिकामं. काकांनी दोनदा घेतलं.

रात्री तुळशीला पाणी घालताना कुंडीतली माती उकरलेली दिसली. शेजारी आइस्क्रीमची काडी खोचलेली, तिच्यावर स्केचपेनने ‘हात लावू नये’. चूक माझीच. आदल्या दिवशी खजूर निवडताना चिरंजीवांना मीच सांगितलं होतं, की इस्राएलमध्ये मसादाच्या किल्ल्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया सापडल्या, त्यांतली एक 2005 साली पेरली आणि ती उगवली. झाड नर निघालं, म्हणून त्याला फळ नाही, हेही सांगितलं होतं. पण तेवढं त्याने ऐकलेलं नाही. रोज शाळेतून आला की आधी कुंडी बघतो. पुढच्या वेळी तुळशीतली धरून मोजणार आहे.