वराहशास्त्री

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील आमच्या मूर्तिजापुरासारख्या तालुक्याच्या गावी, ज्यांचे चिरंजीव जोहान्सबर्गला नोकरीस आहेत, ज्यांना सरकारी पेन्शन वेळेवर पोचते आणि ज्यांनी 1926 साली स्थापन झालेल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून मूठभर सिंहांची व गाडाभर डुकरांची छायाचित्रे काढून आणिली आहेत, असे एक तरी सद्गृहस्थ हल्ली आढळतातच. त्यांना आम्ही आदराने वराहशास्त्री म्हणतो. सिंह काय, शेंबडे पोरही ओळखील. विद्वत्ता कसाला लागते ती डुकरापाशीच, असे त्यांचे ठाम मत असते.

चहाचा पेला हाती आला की आपली सुटका नाही. ‘गालांवर चामखिळींच्या दोन जोड्या दिसल्या तर वॉर्टहॉग नर समजावा, एकच दिसली तर मादी,’ असे बजावून ते पडद्यावरील गाल दोन बोटांनी फाकवितात, आणि पाहुणा मान डोलावीपर्यंत मोजदाद थांबत नाही. वॉर्टहॉग पुढचे गुडघे टेकून चरतो, शेपूट ताठ उभारून पळतो आणि सुळे दाराकडे राहावेत म्हणून बिळात पाठमोरा शिरतो. बुशपिग मात्र केसाळ, शेपूट खाली सोडून पळणारा आणि बहुधा निशाचर, म्हणून त्याचे छायाचित्र दुर्मीळ. शास्त्रीबोवांच्या संग्रही ते आहे. त्यात निबिड अंधार असून दोन ठिपके चमकतात, आणि त्यांविषयी संशय व्यक्त करणारास दुसरा पेला मिळत नाही.

अशा या अधिकारी पुरुषाच्या खुद्द मालकीच्या हरभऱ्यात ऐन पौषात रानडुकरांचा कळप शिरला आणि एका रात्रीत त्याने अर्धे वावर उकरून टाकिले. नुकसानभरपाईच्या अर्जास फोटो जोडावयाचा होता. परंतु युरोपापासून जपानपर्यंत सर्वत्र सापडणाऱ्या या सामान्य जातीसाठी कॅमेऱ्याचे भिंग बदलण्यास शास्त्रीबोवा राजी होईनात. शेवटी सालदार म्हणाला, ‘मालक, तिकडच्या डुकराच्या चामखिळी मोजता, अन् इकडच्या डुकरानं हरभरा किती खाल्ला थे पाहाले चला ना जी!’ आणि त्याने आपल्याच मोबाइलवर खुरांचे ठसे व उपटलेली झाडे टिपून घेतली.

वनरक्षक व तलाठी यांनी पंचनामा केला आणि दप्तरी दाखल झाले ते सालदाराचे फोटो. क्रूगरचा संग्रह अद्याप बैठकीत आहे. ज्यांस तो पाहावयाचा असेल त्यांनी जेवूनच जावे, आणि बुशपिग मुकाट्याने मान्य करावा.