अंदमान कशाला? अंबाझरी आहे ना!

उन्हाळा लागला की नागपुरात अंदमान, बाली, मालदीवच्या पॅकेजांचा सुळसुळाट होतो. निळं पाणी, पांढरी वाळू आणि ‘सुखद हवामान’. मोसमी पाऊस मे महिन्यातच अंदमानात दाखल होतो, हे मात्र जाहिरातवाला सांगत नाही. मग बोट रद्द होते आणि माणसं हॉटेलच्या खोलीत बसून घरून नेलेला चिवडा संपवतात.

एवढा खर्च कशाला भाऊ? आपल्याकडे बेट घरपोच मिळतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे या योजनेचं उद्घाटन झालं. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, त्यात अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआऊटची मंडळी थेट पाण्यातच जागी झाली. दिवाणावरून पाय खाली टाकावा तर पाणी गुडघ्याला. फ्रिज आडवा होऊन बैठकीत आलेला, गॅसचं सिलिंडर दाराशी तरंगतंय. मोरभवनच्या स्टँडवर एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या. बचाव पथकाच्या बोटी दारात आल्या, तेही फुकट. माणसंही गेली, पण तेवढं पान माहितीपत्रकात छापत नाहीत.

हा समुद्र आला कुठून? अंबाझरी तलाव १८७० चा. त्याचं जादा पाणी नाग नदीतून वाहून जावं अशी सोय. आपण सोय वाढवली. सांडव्यासमोर स्वामी विवेकानंदांचं स्मारक उभारलं. त्यावरून प्रकरण हायकोर्टात गेलं. नदीच्या दोन्ही काठांना घरं खेटली. पाणी बिचारं वाट विचारत लोकांच्या घरी गेलं. स्वामीजींना यात ओढण्याचं कारण नव्हतं. ते नकाशे मंजूर करत नव्हते.

हवामानाचं म्हणाल तर उष्ण कटिबंध आपल्याइतका अस्सल कुठे मिळणार? मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित यंत्राने तर ५६ दाखवले. हवामान खात्याने तपासलं, तेव्हा यंत्रच बिघडलेलं निघालं. तोवर अर्ध्या गावाने त्या आकड्याचे फोटो नातेवाइकांना पाठवून टाकले होते.

आकर्षणांत फुटाळा तलाव आहेच. तिथे संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी बसवली. हा तलाव मानवनिर्मित, म्हणून पाणथळ जागांच्या नियमांत बसत नाही, असं कोर्टानेही सांगितलं. पाणी आहे, पाणथळ नाही. अशी जागा मालदीवातही सापडणार नाही.

तर वाचकहो, पावसाळ्याआधी बेसमेंटमधली गाडी, इन्व्हर्टर आणि घराची कागदपत्रं वरच्या मजल्यावर हलवा. आणि मत मागायला येणाऱ्याला चहा देण्याआधी विचारा, नाग नदीच्या पात्रातलं अतिक्रमण कधी काढणार?