पेणहून लिमोझ, व्हाया तहसील कचेरी

अभिनंदन! फ्रान्समधल्या सरकारी शाळेत इंग्रजीचे भाषा-साहाय्यक म्हणून तुमची निवड झाली आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला खेपा घालून तुम्ही इतकी वर्षं फ्रेंच घोटलंत. आता तिथे जाऊन फक्त इंग्रजी बोलायचं. आपल्याला फ्रेंच येतं याचा मुलांना पत्ताही लागू द्यायचा नाही. हे जरा विचित्र वाटत असेल, तर ते वाटणं पेण स्टँडवरच ठेवून जा. बॅगेचं वजन आधीच जास्त झालंय.

आठवड्याला १२ तास काम, ऑक्टोबर ते एप्रिल, महिन्याला हातात ८०० च्या आसपास युरो. दर सहा-सात आठवड्यांनी दोन आठवडे सुट्टी. उरलेल्या वेळात रुळायचं. खालील क्रम पाळा.

१. गावाचं नाव घेऊ नका. पसंती तुम्ही कळवायची, गाव ते ठरवणार. समजा, लिमोझकडे पाठवलं. नातेवाइकांना ‘पॅरिसजवळ’ एवढंच सांगा. पॅरिस तिथून साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे सावंतवाडी मुंबईजवळ आहे म्हणण्याइतकंच हे खरं. पहिल्या सुट्टीत आयफेल टॉवरसमोर पाच स्वेटर बदलून पाच फोटो काढा आणि महिन्याला एक याप्रमाणे पुरवून पाठवा.

२. तूप घेऊ नका, सोडे घ्या. युरोपात प्रवाशाला बाहेरून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ आणायला बंदी आहे; मासळी मात्र २० किलोपर्यंत चालते. थोडक्यात, आजीचं साजूक तूप बेकायदा आणि सोडे कायदेशीर. कालवण केलंत की शेजारी दार वाजवेल. त्याच्या फ्रीजमधलं चीज जिन्यापर्यंत दरवळत असतं हा विषय तेव्हा काढू नका. पोह्याचे पापड तळताना धुराचा अलार्म वाजतो, म्हणून खिडकी सताड उघडा आणि अंगात ओव्हरकोट, डोक्याला माकडटोपी घालूनच कढई ठेवा.

३. कागद. ही पायरी बसून वाचा. घर भाड्याने घ्यायला बँकेत खातं लागतं. खात्याला पत्त्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे विजेचं बिल, आणि बिल घर मिळाल्यावर येतं. इथे भल्याभल्यांना रडू फुटतं. तुम्ही कशाला रडता? रहिवासी दाखल्याला रेशनकार्ड आणि रेशनकार्डाला रहिवासी दाखला, हे ऐकतच तुम्ही मोठे झालात. उपायही घरचाच आहे : ओळखीचा माणूस. ‘ही व्यक्ती माझ्याकडे राहते’ असं त्याने लिहून द्यायचं, सोबत त्याचं ओळखपत्र आणि वीजबिल जोडायचं. शाळेतली एखादी मऊ मनाची शिक्षिका पहिल्याच दिवशी हेरून ठेवा.

मग आरोग्यविम्यासाठी जन्मदाखला. नगरपरिषदेकडून घ्या, त्यावर मंत्रालयाचा शिक्का, त्यावर अपॉस्टिल म्हणजे परदेशात चालणारा आणखी एक शिक्का, त्यावर फ्रान्समधल्या शपथबद्ध अनुवादकाचं भाषांतर. एवढं झाल्यावर खिडकीपलीकडच्या बाई विचारतील, आईचं लग्नाआधीचं नाव कुठाय? आपल्याकडे सासरी नाव बदलतात, कधीकधी आडनावासकट पहिलंही, हे त्यांना समजावून सांगा. इतकी वर्षं घोटलेलं फ्रेंच उपयोगी पडतं ते इथे. सावकाश बोला, मागे रांग आहे. (व्हिसा तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो, हे बहुतेकांना चौथ्या महिन्यात आठवतं.)

फारच खचलात तर विनोबांचं स्मरण करा. आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचा हा माणूस. त्यांनी शाळेत फ्रेंच घेतलं होतं, आणि १९१६ साली सगळी प्रमाणपत्रं आगीत टाकली. तुम्ही पहिल्या कृतीवर थांबा. दुसरी केलीत तर अपॉस्टिल पुन्हा करावं लागेल.

४. वर्ग. बाई अर्धा वर्ग तुमच्या हवाली करून निघून जातील. पहिला प्रश्न येईल : तुम्ही शाळेत हत्तीवरून जायचात? ‘हो’ म्हणा. ‘नाही, रोहा-दिवा गाडीने’ म्हणालात की संवाद खुंटतो, आणि संवाद वाढवण्याचाच तुम्हाला पगार आहे. तुमचे इंग्रजी उच्चार बाई सुधारून देतील, तेही अस्सल फ्रेंच वळणाने. आभार माना.

एक दिवस तुम्हाला गणपतीबद्दल सांगावंसं वाटेल. पेणचा माणूस किती दिवस कळ काढणार? पण जपून. फ्रान्सने १९०५ साली दोन गोष्टी केल्या : परदेशी भाषा-साहाय्यक बोलावायला सुरुवात केली आणि धर्माला सरकारातून बाहेर काढलं. तुम्ही नेमके या दोहोंच्या मध्ये सापडला आहात. तेव्हा बाप्पाला ‘पेण, हमरापूर व जोहे येथील लघुउद्योग’ या शीर्षकाखाली वर्गात न्या. मुलांना माती द्या. सोंडा पडतील, पडू द्या. शेवटी डोळ्यांची आखणी करून दाखवा : उजव्या हाताचं मनगट डाव्यावर टेकवायचं, श्वास धरायचा आणि बारीक कुंचल्याने बाहुलीची कड एका दमात ओढायची. सबंध वर्षात वर्ग तेवढाच एकदा गप्प बसेल. मग मागच्या बाकावरून एकजण फ्रेंचमध्ये विचारेल, एवढ्या मोठ्या देवाला बसायला उंदीर का? उत्तर तुमच्या अगदी जिभेवर येईल. गिळा. तुम्हाला फ्रेंच येत नाही.

५. रविवार. सगळं बंद असतं. शनिवारी पाव आणून ठेवा. रेल्वेचा संप झालाच तर मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून बघत आलोय हे आठवावं. चिडचिड लगेच थांबते.

६. निरोप. आरोग्यविम्याचं हिरवं कार्ड एप्रिलमध्ये पोस्टाने येईल. त्यावरचा तुमचा फोटो छान असेल. याच सुमारास वीजबिलही तुमच्या स्वतःच्या नावावर यायला लागेल. ते पुढच्या साहाय्यकाला देऊन टाका, त्याला सोन्यासारखं आहे.

पेणला पोचल्यावर लोक म्हणतील, जरा फ्रेंच बोलून दाखव. भाडेकराराचं अनामत रकमेचं कलम म्हणून दाखवा, थोडं हातवारे करून. ऐकायला फार गोड लागतं.