नव्या गाडीच्या आवाजाचे निदान
(आपटा व पंचक्रोशीतील मालकांसाठी)

जुन्या गाडीला वाजण्याचा हक्क असतो. तिचे हप्ते फिटलेले असतात, आणि घरातही तिच्याकडून कुणाच्या फारशा अपेक्षा उरलेल्या नसतात. परंतु दसऱ्याला घरी आणलेली, सीटवरचे प्लास्टिक अद्याप न काढलेली गाडी खारपाड्याच्या पुलावर एकदाच 'कुटुक्' असे म्हणाली, तर तिचा मालक त्या रात्री झोपत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन अशा मालकांसाठी आहे. इतर तालुक्यांतील वाचकांनी ते वापरण्यास हरकत नाही. मात्र पक्षी आपापल्या भागातले घ्यावेत.

पक्षी कशाला, तर आवाज गाडीचाच आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते. आपटा हे शांत गाव. इथले स्टेशन सिनेमावाल्यांना आवडते. १९९५ च्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधला शेवटचा रेल्वेचा प्रसंग इथेच चित्रित झाला. या शांततेचा तोटा असा, की पनवेलच्या गर्दीत जो आवाज कुणाच्या गणतीत नसतो, तो आपट्यात शिरताच स्पष्ट ऐकू येतो आणि मालक समजतो की गाडी आत्ताच बिघडली. त्यात जवळच कर्नाळा. १९६८ पासून ते पक्ष्यांचे अभयारण्य आहे. उन्हाळ्यात तिथे तांबट एका लयीत 'टुक टुक टुक' करत बसतो, आणि ते थेट इंजिनातून आल्यासारखे वाटते. पावसाळ्यात शीळकरी कस्तूर अशी शीळ घालतो की बेल्ट गेला म्हणून पोटात गोळा यावा. भृंगराज तर इतरांच्या नकलाच करतो. त्याच्या साक्षीवर अजिबात विसंबू नये. तेव्हा कर्नाळ्याची खिंड ओलांडून गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. आवाज चालू राहिला तर पक्षी. थांबला तर गाडी. 'टिक् … टिक्' करत मंदावत गेला तर तापलेला सायलेन्सर गार होत आहे. धातू आकसताना असा वाजतोच. ही तक्रार घेऊन कुठेही जाऊ नये.

गाडीच दोषी ठरल्यास ती रिकामी करावी. हे काम मालकाला अपमानास्पद वाटते, कारण त्याचा संशय गिअरबॉक्सवर असतो आणि त्याला डिकी आवरायला सांगितले जाते. तरीही करावे. नव्या गाडीतील बहुतेक आवाज कंपनीने दिलेले नसून मालकाने नंतर बसवलेले असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. दाराच्या कप्प्यातली टोलची चिल्लर, सीटखाली गडगडणारी स्टीलची बाटली, डिकीत नीट न बसवलेला जॅक आणि पान्हा, मागच्या रिकाम्या सीटच्या बेल्टचे बक्कल, पुढच्या बंपरला दोऱ्याने टांगलेले लिंबू-मिरची. पूजेच्या वेळी बॉनेटवर वाहिलेली आपट्याची पाने काचेखालच्या जाळीत सरकली असतील, तर एखादे एसीच्या पंख्यापर्यंत पोचते आणि 'फर्रर्र' असे वाजू लागते. पंखा एकावरून तीनवर नेताच फरफर वाढली, तर सोने कुठे अडकले ते कळले. नंबरप्लेटही तपासावी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. ती नीट बसवली नसेल तर डिकी लावताना झणझणते, आणि मालकाला वाटते मागचा सगळा पत्राच सुटला.

एवढे करूनही आवाज उरल्यास शब्दपरीक्षा करावी. जुने वैद्य रोग्याची आठ प्रकारे परीक्षा करीत. नाडी, मूत्र, जीभ यांच्याबरोबर शब्द, म्हणजे रोग्याचा आवाज, हीदेखील त्यांतली एक. मोटारीबाबत उरलेल्या सातांचा उपयोग कमीच. मात्र इथे मराठी माणूस एक चूक करतो. खडखड, खुटखुट, कुरकुर, करकर, चिरचिर, घरघर असा भरपूर साठा जवळ असल्यामुळे तो आवाज कसा आहे याचे रसाळ वर्णन करतो. आवाज केव्हा येतो हे सांगत नाही. मेकॅनिकला 'केव्हा' हवे असते.

गाडी उभी असताना इंजिनची गती वाढवली आणि आवाज वाढला, तर तो इंजिन, सायलेन्सर किंवा त्यावरच्या उष्णतारोधक पत्र्याचा. गिअर बदलला तरी फरक नाही, पण वेग वाढेल तशी घूं घूं वाढते, तर टायर किंवा चाकाचे बेअरिंग. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो; तेव्हा घूं वाढली तर उजव्या बेअरिंगवर संशय धरावा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना 'कट् कट्' होत असेल तर चाकाला ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा सांधा पाहायला सांगावे. फक्त खड्ड्यात 'ठक्' होत असेल तर सस्पेन्शन, आणि पावसाळ्यात पहिल्या दोनचार ब्रेकना 'खर्र' होऊन थांबत असेल तर रात्रभरात डिस्कवर चढलेला गंज. सकाळी गाडी जेमतेम चालू लागताच पायाखाली एकदाच 'गर्र' होते, ते बहुधा एबीएस स्वतःची तपासणी करीत असते. त्याला करू द्यावी.

आपटेकरांच्या नशिबी खास आलेला आवाज खडीचा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी चालू राहिले. त्या काळात या भागातल्या गाड्यांनी किती खडी घरी आणली याची नोंद कुठेही नाही. बारीक खडा ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांच्यात शिरला की अशी कर्कश किंचाळी उठते की शेजारी गॅलरीत येतात आणि "मी तेव्हाच सांगितलं होतं, दुसरी घे" हे वाक्य एकमुखाने म्हणतात. उपाय फुकट आहे. मोकळ्या जागी गाडी हळू मागे-पुढे घ्यावी. पुष्कळदा खडा आपणच पडतो. टायरच्या खाचेतला खडा उपसायलाही हरकत नाही, पण तो खिळा निघाला तर तसाच ठेवून पंक्चरवाल्याकडे जावे.

आवाज शोधताना गाडी एकाने चालवावी, ऐकण्याचे काम दुसऱ्याने करावे. सासऱ्यांना डिकीत बसवू नये. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्यास हरकत नाही, परंतु बरेच मोबाइल एकसुरी घरघर गोंगाट समजून गाळून टाकतात आणि नेमके तुमचे "हा बघ, हा बघ" एवढेच टिकवतात.

आता सर्व्हिस सेंटर. आवाजाला माणसाची ओळख असते. निळा शर्ट दिसला की तो गप्प होतो. सल्लागार अर्धा किलोमीटर गुळगुळीत रस्त्यावर गाडी फिरवून आणतो आणि सांगतो, "सर, या मॉडेलला एवढा साउंड नॉर्मल आहे." वाद घालू नये. पुण्याच्या टेकडीवर वाहन संशोधनाची एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे, आणि आवाज व कंपने मोजण्याची वेगळी प्रयोगशाळा तिथे आहे. म्हणजे हा विषय तुमच्या मनाचा खेळ नाही. टेक्निशियनला शेजारी बसवून, ज्या रस्त्यावर आणि ज्या वेगाला आवाज येतो तिथेच न्यावे. चहा पाजावा.

तेही निष्फळ ठरल्यास २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत, तक्रार करता येते. आयोग जरूर पडल्यास वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. तिथेही आवाज यावा लागेल, एवढीच अडचण. रायगडचा आयोग अलिबागला आहे. आपट्याहून तिथे जाईपर्यंत आणखी दोन आवाज सुरू होतील, हे गृहीत धरून अर्जात जागा सोडावी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा.

या सगळ्याला कागद लागतो. तेव्हा कृपा करून प्रत्येक खेपेला आवाज कधी, किती वेगाला, कोणत्या रस्त्यावर येतो ते आपल्या शब्दांत जॉब कार्डावर लिहून घ्या, "नॉर्मल आहे" हे उत्तरही तिथेच लिहायला लावा आणि प्रत घेतल्याशिवाय किल्ली उचलू नका. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी, आवाज थांबलेला असला तरी, गाडी एकदा दाखवून आणा.